जानीबाईच्या दिव्याचा हिशेब

हे मी कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर कळायला हवं होतं, कारण यातलं निम्मं तिच्या डोळ्यांदेखत घडलं. पण डोळ्यांदेखत घडलेलं सगळं माणसाला दिसतंच असं कुठं आहे? तिला जे दिसू नये ते दिसू नये, याची काळजी मीच घेतली होती.

मी आता पंचेचाळिशीला आलो आहे. लोक मला सज्जन समजतात. कर्जतला कुणालाही विचारा, भाऊ कसा आहे म्हणून — सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असंच सांगतील. ते ऐकलं की मी घाईनं दुसरा विषय काढतो. पूर्वी वाटायचं, वय वाढेल तसं हे कमी होईल. झालं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा दहिवलीत दत्तूशेटच्या चाळीत राहत होतो. आठ खोल्या, वर कौलं, मागच्या बाजूला पडवी आणि विहीर. माझी नोकरी खोपोलीच्या अलीकडे, साजगावजवळच्या एका कारखान्यात. विजेच्या सामानाचं जे स्टोअर असतं, तिथं मी कारकून होतो. सकाळी पूल ओलांडून कर्जत स्टेशन गाठायचं, खोपोलीची गाडी पकडायची, संध्याकाळी तसंच परत. वायरमन नव्हतो मी. पण वायर, होल्डर, फ्यूज यांत दिवसभर वावरून थोडंफार कळायला लागलं होतं आणि चाळीत कुणाचा दिवा बिघडला की मलाच हाक यायची. भाऊ विजेच्या खात्यात हाय, असं लोक म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही त्यांना.

चाळीला मीटर एकच, मालकाच्या ओटीवर लाकडी फळीवर ठोकलेला. बिल दत्तूशेटच्या नावावर यायचं आणि तो ते दिव्यांवर वाटायचा. ज्याच्या खोलीत एक दिवा त्याचा एक वाटा, दोन दिवे त्याचे दोन. लहान दिवा, मोठा दिवा, सगळे सारखे. त्यामुळे आमच्याकडे त्याला विजेचं बिल कुणी म्हणतच नसे — ‘दिव्याचं बिल’ म्हणायचे. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं पाप या समजुतीच्या आडोशाला उभं होतं. वीज म्हणजे दिवा, दिवा म्हणजे उजेड, आणि ज्याच्याकडे उजेड जास्त तो बिल जास्त खातो. अंधारात बसून कुणी वीज जाळत असेल, हे त्या चाळीत कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

त्या वर्षी रॉकेल मिळेनासं झालं. रेशनवर डबे घेऊन रांगा लागायच्या आणि नंबर येण्याआधीच पिंप रिकामं व्हायचं. बाहेर मिळेल तर अशा भावानं की हातातला डबा तसाच घरी आणावा. लाकूडफाटाही त्याच्या पाठोपाठ महागला. आमचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. बायको स्टोच्या टाकीत काडी घालून किती रॉकेल उरलंय ते बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मला ते बघणं सहन होत नसे — पण हे मी का सांगतोय? कारण म्हणून नव्हे. तसंच रॉकेल सगळ्यांचं संपत होतं. सगळ्यांच्या बायका तसंच बघत होत्या.

मी विजेची शेगडी केली. खोपोलीच्या बाजारात मातीची तवी मिळते, नागमोडी खाच असलेली, तीत कॉइल बसवायची. तारेचं एक टोक इकडे, एक तिकडे, आणि दिव्याच्या होल्डरात बसेल अशी पिन. आमच्या खोलीत दोन दिवे होते, एक पुढे, एक स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. मागचा दिवा काढायचा, तिथं शेगडी लावायची, दार लोटून घ्यायचं. कॉइल हळूहळू लाल व्हायची. बायको पहिल्या दिवशी तिच्यासमोर हात जोडून बसली होती.

दत्तूशेटनं खोली देतानाच सांगितलं होतं — शेगडी नाय, इस्त्री नाय. हे बायकोला माहीत होतं. तिनं विचारलं, बिल वाढणार नाही ना? मी म्हटलं, हिला उजेड कुठं आहे? दोन दिव्यांएवढी वीज खाईल फार तर. तिचा विश्वास बसला. खरा आकडा मला पाठ होता. आमची ती एक शेगडी म्हणजे पंचवीस दिवे. अख्ख्या चाळीत मिळून तेवढे दिवे नव्हते.

त्या महिन्यांत मी धड जेवलो नसेन. कुकर नव्हता तेव्हा, डाळ शिजायला वेळ लागायचा, आणि आमची डाळ शिजत असताना चाळीतले सगळे दिवे पिवळे पडायचे. शेजारून आवाज यायचा, “लाईट डाऊन झाली गं.” मी बाहेर येऊन सांगायचो, वरूनच दाब कमी आहे, काय करणार. भिवपुरीला डोंगरातून पाण्याचे नळ उतरलेत, तिथली वीज सगळी मुंबईला जाते, आपल्याला उरतं काय? लोक माना हलवायचे. मग भात होऊन शेगडी बंद झाली की दिवे लख्ख व्हायचे आणि कोपऱ्यावरची कोंडाबाई म्हणायची, “आली बाय, मुंबईवाल्यांची पोटं भरली जनू.” सगळे हसायचे. मीही हसायचो. सकाळच्या चहाला आम्ही मुद्दाम पंपाचा स्टो पेटवत होतो, त्याचा आवाज चाळभर जावा म्हणून. कधी रात्री जाग आली तर वाटायचं, ओटीवरच्या त्या मीटरची चकती अजून फिरतेय, शेगडी बंद करायची राहिली. उठून बघायचो. बंदच असायची.

आणि बिल वाढलं. दरही त्याच सुमारास वाढले होते, ते खरं आहे, पण तेवढ्यानं इतकं वाढत नाही. पहिल्या बिलाला दत्तूशेटनं नुसती कुरकूर केली. दुसऱ्याला ओरडला. तिसरं आलं तेव्हा रविवारी सकाळी त्यानं सगळ्यांना ओटीवर बोलावलं.

आता जानीबाईबद्दल सांगतो. शेवटच्या खोलीत राहायची. ठाकर समाजातली, कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीवरची. नवरा रेल्वेत गँगवर होता, तो गेला. त्याची म्हातारी आई हिच्याजवळच. जानीबाई कर्जतच्या एका शिंप्याकडून शर्ट आणायची आणि त्यांची काजं करायची — काज-बटन. दिवसा लोकांकडे भांडी घासायची, संध्याकाळी काजं. तिचं काज असं नेटकं असायचं की शिंपी चांगल्या गिऱ्हाइकांचे शर्ट तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. पांढऱ्या शर्टावर पांढरा दोरा — त्यासाठी तिनं शंभराचा दिवा लावला होता. आमचे सगळ्यांचे चाळीसचे. तिचं दार उघडं असलं की अंगणात उजेडाचा पट्टा पडायचा. चाळीतल्या पोरी त्या पट्ट्यात सागरगोटे खेळायच्या.

दत्तूशेट बिल हातात घेऊन उभा होता. “माझ्या चाळीत दिवं हायत का भाताची गिरन?” तो म्हणाला. “कोन खातंय एवढी लाईट?”

मग कोंडाबाई म्हणाली, “आमी काय बोलनार बाबा. शेवटच्या खोलीत रोजच लगीन असतंय.”

सगळ्यांनी तिकडे बघितलं. जानीबाई खांबाला टेकून उभी होती. “माझा येकच दिवा हाय,” ती म्हणाली. “येका दिव्याचा वाटा मी देते. दुसरं काय नाय माझ्याकडं. येऊन बघा.”

“येक हाय, पन केवढा हाय,” कुणीतरी म्हणालं. आणि तिची जात कुणी काढली नाही, पण ‘यांना’ हा शब्द आला. यांना काय ठावं लाईट कशी वापरायची. यांच्या वाडीवर कधी बघितलीय का. मी ते ऐकलं. आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. त्यांची नजर माझ्या दारावरून पुढे गेली होती.

एवढ्यावर मी गप्प राहिलो असतो, तर आज मी याला भित्रेपणा म्हणालो असतो. भित्रेपणा माणूस कबूल करू शकतो. पण मी गप्प राहिलो नाही.

गणपतराव म्हणून एसटीत कंडक्टर होते, हिशेबाला चोख माणूस. ते म्हणाले, “थांबा रं. उगा कुनावर आळ नको. भाऊ त्यातला जानकार हाय. भाऊ, तुमी सांगा, येका दिव्यानं येवढं बिल येतं का?”

येत नाही. एवढे दोन शब्द होते. ते म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता — मग कशानं येतं? आणि माझ्या घरात त्या क्षणी शेगडी कॉटखाली होती, कालची उतू गेलेली पेज तिच्यावर करपलेली होती.

मी चुलीतला कोळसा मागून घेतला आणि दत्तूशेटच्या ओटीच्या फरशीवर हिशेब मांडला. शंभराचा दिवा. रोजचे पाच तास. महिन्याचे तीस दिवस. बरोबर केलं तर युनिट होतात पंधरा. मी लिहिले दीडशे. एक शून्य. कोळशानं काढलं ते, चांगलं गोल काढलं. सगळे वाकून बघत होते. गणपतरावांनी पुन्हा गुणून बघितलं नाही. ते रोज तिकिटांची बेरीज करायचे, त्यांना ते तोंडी जमलं असतं, पण युनिट म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, “मग झालंच की.”

जानीबाईनं त्या आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला आकडे वाचता येत होते. काजांचा हिशेब ती रोज ठेवायची. तिनं विचारलं, “येवढं माझा दिवा खातो, भाऊ?”

मी मान हलवून हो म्हटलं.

ती वाईट वाटून खाली बसली. तिला खरंच वाटलं, आपण इतके दिवस लोकांचं खाल्लं. भांडली असती तर! शिव्या दिल्या असत्या तर मला तिचा राग धरता आला असता. ती म्हणाली, “मला ठाव नव्हतं. बारका दिवा लावते.” पण आता दत्तूशेटला बारक्या-मोठ्याची खात्री उरली नव्हती. मागचं भरून दे, नाहीतर दिवा काढ. भरून देणं तिला शक्यच नव्हतं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, तुमीच काढा वायर. उगा वायरमन कशाला.”

मी काढली. त्याच दुपारी. तिच्या खोलीत स्टूल डगमगत होतं, तर ते तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी पडू नये म्हणून.

पुढचं याहून वाईट आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं की पुढचं बिल तेवढंच आलं तर माझं शून्य उघडं पडेल. म्हणून मी शेगडी बंद केली. बायकोला सांगितलं, दत्तूशेट आता खोल्या तपासणार आहे. एका सकाळी गाडीला जाताना उल्हास नदीच्या पुलावरून ती तवी, कॉइल, पिन, सगळं खाली टाकून दिलं. बिल उतरलं. चांगलंच उतरलं. दत्तूशेट ते घेऊन दारोदार फिरला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “तुमचा हिशोब येकदम पक्का, भाऊ.” खोट्याला पुरावा लागतो म्हणतात ना — तो मी जिवंत उभा केला. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही गेली. जानीबाईचीही गेली.

शेगडीच्या महिन्यांत रेशनवर कधीमधी मिळालेलं रॉकेल आमच्याकडे साठलं होतं. कॉटखाली डबा भरलेला होता. एक दिवस बायको म्हणाली, “बिचारी अंधारात बसते. आपल्याकडं आहे तर तिला बाटलीभर नेऊन द्या की.” बघा — ते सुचलं तिला. मला नाही सुचलं. मी फक्त नेऊन दिलं. जानीबाईनं बाटली घेतली, पदरानं पुसली. म्हणाली, “चाळीत येक तुमीच.” तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्यानंतर दर आठवड्याला मी बाटली देत गेलो. आणि ऐका — ती देऊन परत येताना मला चांगलं वाटायचं. त्या वाटण्याची मला आज जास्त लाज वाटते.

ती चिमणी लावायची. पत्र्याची, वातीची, काच नसलेली. तिचा उजेड केवढा! काज दिसायला चिमणी मांडीजवळ घ्यावी लागायची, अगदी कापडाला लागून. पावसाळ्यात एका संध्याकाळी म्हातारीनं अंधारात पाय पुढे केला आणि चिमणी शर्टांच्या गठ्ठ्यावर आडवी झाली. आम्ही ओरडा ऐकून धावलो. शर्ट शिंप्याचे होते, परके. जानीबाईनं ते हातांनी विझवले. गोणपाट जवळ होतं, पाण्याची कळशी होती, पण तिनं हातांनी विझवले — कळशीकडे जाईपर्यंत आणखी दोन जळाले असते. उजव्या हातावर रॉकेल सांडलं होतं. मी दिलेलं.

तिला कर्जतच्या दवाखान्यात न्यायला टांगा मी आणला. तिथं बाकावर मी तिच्या म्हातारीजवळ बसून होतो. तेव्हा सांगता आलं असतं. हात वाचला, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बरी होताना एकमेकांना ओढून घट्ट झाली. त्या दोन बोटांत सुई धरतात. दुसऱ्या कशानं धरता येत नाही, मी घरी धरून बघितली आहे.

भातकापणी सुरू व्हायच्या आत ती म्हातारीला घेऊन वाडीवर गेली. जाताना आमच्याकडे येऊन बायकोच्या पाया पडली. मी आत होतो. बाहेर आलो नाही. तिच्या खोलीत नवा भाडेकरू आला, तेव्हा दत्तूशेटच्या सांगण्यावरून तिथली वायर मीच पुन्हा जोडली.

पुढे आम्ही चाळ सोडली. स्वतःची दोन खोल्यांची जागा झाली, स्वतःचा मीटर झाला, गॅस आला. बिल अजूनही वाढतंच, आणि आलं की मी ते आधी स्वतः बघतो, बायकोच्या हातात पडू देत नाही. तिला वाटतं, मला हिशेबाची हौस आहे.

गेल्या वर्षी कारखान्यातल्या एका सोबत्याच्या मुलाचं लग्न होतं, कशेळ्याला. लग्न उरकून एसटीची वाट बघत मी नाक्यावर उभा होतो. वाडीवरच्या बायका रस्त्याकडेला कंद, रानभाजी घेऊन बसल्या होत्या. “दहिवलीचं भाऊ नं?” असं कुणीतरी म्हणालं.

मी ओळखलं नाही असं दाखवता आलं असतं. पण माझी नजर आधीच तिच्या हाताकडे गेली होती.

तिनं ते बघितलं. म्हणाली, “आता दुकत नाय. वहिनी बऱ्या हायत का?” म्हातारी गेली, ती एकटी भावाकडे असते, असं काहीबाही सांगितलं. मग शेजारच्या बाईकडे वळून, माझ्याकडे डाव्या हातानं दाखवत म्हणाली, “ह्ये ते भाऊ. माझ्या दिव्याचं बिल अख्ख्या चाळीला भरायला लागत होतं, तरी ह्यांनी मला घरातलं रॉकेल दिलं. सांगत होते नं मी तुला.” शेजारच्या बाईनं मान डोलावली. म्हणजे खरंच सांगत होती. इतकी वर्षं त्या वाडीवर माझं नाव असं घेतलं जात होतं. आणि ती स्वतःला अजून गुन्हेगार समजत होती — कोळशानं काढलेल्या माझ्या शून्यासाठी.

एसटी यायला वेळ होता. गाडी आली आणि सांगायचं राहिलं, असं झालं नाही. नाक्यावर गर्दी नव्हती, कुणी घाईत नव्हतं. ती माझ्यासमोर बसली होती, वर बघत, आणि मला बोलायला पुष्कळ वेळ होता. मी विचारलं, “कंद कसे दिले?”

तिनं पैसे घेतले नाहीत. चांगले चांगले निवडून माझ्या पिशवीत घातले. पिशवीचं तोंड तिला नीट धरता येत नव्हतं, ते मी धरलं.

घरी बायकोनं विचारलं, कंद कुठून आणले. मी म्हटलं, नाक्यावर विकत मिळाले. तिनं ते मिठात उकडले. चांगले पिठूळ निघाले. मी दोनदा मागून घेतले.